सिंकखालचा मग

१

ऊम आब्राम स्वीगर्स आपल्याच स्वयंपाकघराच्या फरशीवर पडले होते. खुर्ची उलटली होती आणि त्यांनी एका हातानं टेबलाचा पाय घट्ट धरलेला होता. कप शेजारी फुटला होता. त्यातली कॉफी मेणकापडावर सांडून, पसरून, खाली ओघळली होती आणि जागच्या जागी सुकली होती. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, रिकाम्या खुर्चीपुढे, निळ्या काठाचा पांढरा एनॅमलचा मग उभा होता. त्यात अर्धी कॉफी होती.

"मोथिबी मास्तर," कॅप्टन रोसाऊ म्हणाले. त्यांनी अजून डोक्यावरची टोपीही काढली नव्हती. "काल गुरुवार होता. गुरुवारी संध्याकाळी तो इथे येतो, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे."

"हो कॅप्टन. दहा महिने येतायत."

"ही त्याची खुर्ची, हा त्याचा मग. डॉक्टर म्हणतो, कोल्ह्यांना घालायचं विष आहे. अजून काय हवंय तुला सोफी? मेलेल्यानं उठून बोट दाखवायचं?"

मी सार्जंट सोफी बेऊकेस. रीटक्लोफच्या ठाण्यात गुन्ह्यांचा तपास करणारी मी एकटीच. राहते खालच्या, मिश्र वंशाच्या लोकांच्या आळीत, म्हणजे गोऱ्यांतही नाही आणि काळ्यांतही नाही. दोन्हीकडचे लोक मला आपापल्या सोयीनं ओळख दाखवतात. माझा स्वभाव वाईट आहे, असं माझी आईच म्हणते. एखादी गोष्ट टोचायला लागली की मी ती सोडत नाही.

त्या सप्टेंबरात सगळा देश एका टेबलाभोवती बसला होता. तिकडे मोठ्या शहरात मोठी माणसं नवा कायदा ठरवत होती, आणि जूनमध्ये उजव्या गोऱ्या जहालांनी त्यांच्या इमारतीची काच फोडून गाडी आत घातली, तरी टेबल मोडलं नव्हतं. आमच्या गावातलं टेबल म्हणजे हे, मेणकापडाचं. ऊम आब्राम, ऊम म्हणजे आमच्याकडे काका, गावाचे महापौर आणि झकारिया मोथिबी वस्तीतल्या शाळेचे मास्तर. गोऱ्यांचं गाव, आमची आळी आणि काळ्यांची वस्ती ह्या तिघांची मिळून एकच नगरपालिका करायची, असा करार दोघांनी इथे बसून घडवला होता. महापौरांची सही झाली होती. मास्तरांची उद्या, शनिवारी दुपारी बारा वाजता, टाऊन हॉलमध्ये सगळ्यांसमोर व्हायची होती. त्यानंतर वस्तीचं चार महिने तोडलेलं पाणी सुटणार होतं.

"मास्तर आत गेला, की उद्याची सही गेली," मी म्हटलं.

"ते माझं काम नाही. तुझंही नाही."

कॅप्टन वायरलेसवर बोलायला बाहेर गेले. मी सिंककडे पाहिलं. खालच्या कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं, साबणाच्या भुकटीचा डबा आडवा पडला होता. रुमालानं त्याचा कान धरून मी तो मग अलगद उचलला आणि खालचं मेणकापड पाहिलं.

सांडलेल्या कॉफीचा डाग मगाखालून सलग गेला होता. जिथे मग उभा होता तिथे कोरडं वर्तुळ नव्हतं. कॉफी सांडली, पसरली, सुकली, आणि त्यानंतर कुणीतरी हा मग तिथे आणून ठेवला.

"कॅप्टन!" मी बाहेर धावले. "ऊम पडल्यानंतर कुणीतरी टेबल मांडलंय!"

पण कॅप्टनची गाडी वस्तीच्या वाटेला लागली होती.

२

मास्तर कोठडीच्या बाकावर ताठ बसले होते, कोट घालून, टायसकट. शाळेच्या प्रार्थनेतून उचलून आणलं होतं त्यांना. शिपायानं कॉफी आणली, ती ठाण्यातल्या टवके उडालेल्या हिरव्या मगात.

"पाहिलंस सोफी?" त्यांनी मग उंचावला. "दहा महिन्यांत पुढे गेलो होतो, एका सकाळीत परत इथेच."

"मास्तर, चेष्टा नको. काल काय झालं?"

"सूर्य मावळायच्या सुमाराला गेलो, दिवे लागले तेव्हा निघालो. आब्रामनं सही केली. आम्ही हात मिळवले. तो म्हणाला, झकारिया, शनिवारी तो चांगला टाय घाल, हा नको. मी म्हटलं, माझ्याकडे हा एकच आहे." त्यांनी गळ्यातल्या टायला हात लावला. "त्याचा देणार होता तो मला."

"कॉफी घेतली?"

"घेतली. गुलाबाच्या कपात."

"कुठल्या?"

"त्याच्या बायकोच्या लग्नातल्या. मार्थाच्या." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुला पटत नाही. पटणार कसं? पहिल्या गुरुवारी त्यानंही सिंकखालून मगच काढला होता. मी उठलो आणि टोपी घातली. म्हटलं, आब्राम, एका गावाची गोष्ट दोन तऱ्हेच्या भांड्यांतून बोलता येत नाही. तेव्हा तो बायकोच्या कपाटाची किल्ली शोधायला गेला. कालही त्याच कपात प्यायलो. निघताना तो धुतो, मी पुसतो, ही आमची रीतच होती."

गोऱ्यांच्या घरात सिंकखाली साबणाशेजारी एक मग आणि एक पत्र्याची ताटली असते. मोलकरणीची, माळ्याची, माझ्या आईसारख्यांची. शंभर वर्षं कुणी त्याबद्दल बोललेलं नाही, कारण त्यात बोलण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. म्हणूनच कॅप्टननं टेबल पाहिलं आणि त्यांना काही खटकलं नाही. खरं म्हणजे मलाही खटकलं नव्हतं. मला डाग दिसला, तो मग दिसला नाही.

मी ऊम आब्रामांच्या घरी परतले. त्यांची मोलकरीण कॅट्रीन मागच्या बंद व्हरांड्यात डोळे पुशीत बसली होती.

"कॅट्रीन, ह्या घरातले मग कुठे आहेत?"

तिनं हनुवटीनं खिडकीकडे खूण केली. तिथे दोन पिवळे मग ओळीनं उभे होते आणि दोन्हींत जिरेनियमची रोपं होती. "ऊमनीच लावली. म्हणाले, आता ह्यांचा हाच उपयोग. तेव्हापासून मीसुद्धा चांगल्या कपातून पिते. सुरुवातीला कॉफी घशाखाली उतरेना बघ, कुणी येऊन ओरडेल असं वाटायचं."

"निळ्या काठाचा एखादा होता?"

"ह्या घरात? कधीच नाही."

"सिंकखालचं दार तू उघडं टाकलंस?"

"मी?" कॅट्रीनला रडता रडता राग आला. "बावीस वर्षांत एकदा तरी टाकलंय का, विचार कुणालाही!"

म्हणजे कुणीतरी सिंकखाली मग शोधला होता. तो तिथे असणारच अशी त्या माणसाची खात्री होती. नाही मिळाला, तेव्हा तो बाहेरून आणला होता.

"ऊमनी मागचं दार कुणासाठी उघडलं असतं, अंधार पडल्यावर?"

कॅट्रीननं विचार केला. "सगळ्यांसाठी," ती म्हणाली. "तेच तर वाईट झालं."

३

युरी लोत्रीएटचं दुकान म्हणजे शेतकऱ्यांच्या सोसायटीचं दुकान. बियाणं, काटेरी तार, बूट आणि कोल्ह्यांचं विष. युरी उपमहापौर होता, आणि कराराविरुद्ध गावात खाकी कपडे घालून फिरणाऱ्या पन्नासेक माणसांचा पुढारीही. मी आत गेले तेव्हा तो त्यातल्या चौघांना काहीतरी समजावत होता. मला पाहून गप्प झाला.

"या सार्जंट. तारा हव्यात का? आता सगळ्यांनाच लागणार आहेत."

"कोल्ह्याचं विष कुणाकुणाला विकलंस?"

"विचार कुणाला विकलं नाही. मेंढ्या असलेल्या प्रत्येक घरात डबा आहे. डोमिनीकडे आहे, आब्रामच्या बहिणीकडे, हन्नेलीकडे, तिच्या नवऱ्याच्या वेळचा असेल, खुद्द आब्रामकडे होता. आणि मास्तरकडेही पोचला असेल कुठून तरी." चौघं हसले.

"काल संध्याकाळी तू कुठे होतास?"

"माझ्या गोठ्यात सभा होती. चाळीस माणसं होती. ह्यांना विचार."

"हे खोटं बोलतील."

"हो," युरी शांतपणे म्हणाला. "बोलतील."

त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला, आणि तो आवडल्याचा राग आला. "ऊमशी तुझं भांडण झालं होतं, गेल्या महिन्यात. त्यांच्या स्वयंपाकघरात."

"भांडण? मी त्याला शुद्धीवर आणायला गेलो होतो! बघतो तर काय, तुमचा मास्तर मार्थाच्या गुलाबांच्या कपात कॉफी पितोय, करंगळी वर करून! मार्था असती तर तिथेच चक्कर येऊन पडली असती. मी आब्रामला म्हटलं, आज कप दिलास, उद्या घर देशील. तो म्हणतो कसा, युरी, बस, तुलाही देतो." त्याचा चेहरा लाल झाला होता. "ऐका सार्जंट. महापौर मेला, आता गाव मी चालवतो. उद्या बारापर्यंत दोन्ही सह्या नसतील तर तो कागद मी स्वतः चुलीत घालीन, आणि वस्तीत पाण्याचा थेंब जाणार नाही. कायद्यानंच."

तिथून मी चर्चशेजारच्या घरी गेले. डोमिनी हेर्टझेन, गावातल्या गोऱ्यांच्या चर्चचे धर्मगुरू, बागेत उभे होते, हातात कात्री, पण कापत काहीच नव्हते. त्यांनी मला आत बोलावलं नाही. मीही तशी अपेक्षा केली नव्हती.

"तुम्ही मागे एका रविवारी करारावर बोलला होतात, डोमिनी. वाळूवरचं घर म्हणालात."

"म्हणालो. आब्राम पहिल्या रांगेत बसून ऐकत होता. नंतर त्यानं मला एका गुरुवारी बोलावलं, येऊन बघ म्हणाला." त्यांनी कात्री खिशात घातली, परत काढली. "मी गेलो. तिघंही बसलो. तिघांपुढे सारखेच कप होते, गुलाबाचे. मला एकसारखं वाटत राहिलं की माझ्या कपातून आधी कोण प्यायलं असेल. मी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. मोथिबीनं पाहिलं." त्यांनी मान खाली घातली. "तीस वर्षं मी लोकांना प्रभूभोजन देतोय, सार्जंट."

मला त्यांची दया आली नाही. यायला हवी होती का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ठाण्याबाहेर आले तर रस्त्याच्या एका कडेला युरीची खाकी माणसं उभी होती आणि दुसऱ्या कडेला वस्तीतल्या बायका, रिकाम्या बादल्या घेऊन. मधे चिंचोळी मोकळी जागा राहिली होती. त्या जागेतून चालत जाताना दोन्हीकडून मला एकच प्रश्न आला: "तू कुणाची?"

४

ऊम आब्रामांची थोरली बहीण त्यांच्या शेजारीच राहायची. मधे फक्त एक कुंपण आणि त्याला लाकडी फाटक. तानी हन्नेली ग्रोबलर. मी तिला तानी म्हणते, मावशी म्हणावं तसं. माझी आई अजूनही मिसेस म्हणते. हा आम्हा दोघींमधला जुना वाद आहे.

तानी काळ्या पोशाखात बैठकीच्या खोलीत बसली होती. पाठ खुर्चीला टेकलेली नव्हती. भिंतीवर तिच्या मुलाचा, डेऑनचा, लष्करी वेषातला फोटो होता. सहा वर्षांपूर्वी तो अंगोलाच्या सीमेवरून पेटीत परत आला. सारं गाव त्या मातीला गेलं होतं, आमची आळीसुद्धा, कुंपणाबाहेर उभी राहून.

"बस, सोफी."

मी बसले. ह्या घरात मी पहिल्यांदाच बसत होते. तानीनं स्वतः उठून कॉफी आणली. सोनेरी काठाचा पातळ पांढरा कप, बशी, बशीत घरच्या बस्किटाचा तुकडा. तिनं तो माझ्यापुढे ठेवला. खरं सांगते, मी भारावून गेले. म्हटलं, मृत्यू माणसाला मऊ करतो. आईला हे सांगायला हवं, असंही मनात आलं.

"तुमचं आणि ऊमचं बोलणं नव्हतं, तानी."

"नव्हतं. तो त्या माणसाबरोबर पहिल्यांदा बसला त्या दिवशी मी डेऑनच्या फोटोपुढे सांगितलं, त्याच्या घरी पुन्हा पाऊल टाकणार नाही. दहा महिने टाकलं नाही." तिनं ओठ घट्ट मिटले. "माझ्या आईनंतर मीच वाढवलं होतं आब्रामला. त्याला चालायला मी शिकवलं."

"काल संध्याकाळी काही ऐकलंत? कुणी आलेलं दिसलं?"

"मास्तर आला. त्यापुढचं मला माहीत नाही. मी पडदे लावून घेते."

खिडकीबाहेर मागच्या पायरीवर तिची मोलकरीण सना बसली होती, आणि पाकाच्या रिकाम्या डब्यातून कॉफी पीत होती. डबा पोळत होता, म्हणून तिनं तो एप्रनच्या टोकात धरला होता, एकदा ह्या हातात, एकदा त्या हातात. माझी नजर तिकडे गेलेली तानीला दिसली. ती उठली आणि तिनं पडदा ओढला.

"ऊन डोळ्यांवर येतं," ती म्हणाली.

ऊन दुसऱ्या बाजूला होतं. पण शोक झालेल्या घरात असल्या गोष्टी कोण धरून बसतं?

"तुम्हाला कोणाचा संशय येतो?"

"मला कशाला विचारतेस? जो त्याच्या टेबलाशी बसला, त्याला विचार." आणि पहिल्यांदाच तिचे डोळे भरले. "मी त्याला सांगितलं होतं सोफी, किती वेळा सांगितलं होतं!"

मी कॉफी संपवली, आभार मानले आणि निघाले. फाटकाशी पोचले तोच मागे आवारात काहीतरी खळकन फुटलं. दुःखात माणसांच्या हातून भांडी सुटतात, असं म्हणून मी चालत राहिले.

५

शनिवारी सकाळी कॅप्टन म्हणाले की आरोपपत्र अकरा वाजता किंबर्लीला जाईल.

"मगाखालच्या डागाचं काय?"

"मास्तरनं मग उचलला असेल, पुन्हा ठेवला असेल. घाबरलेली माणसं काय वाट्टेल ते करतात."

"आणि गुलाबाचे कप?"

"त्याचं म्हणणं आहे ते."

"युरीचंही आहे. डोमिनीचंही आहे. दोघांनी डोळ्यांनी पाहिलंय. कॅप्टन, मास्तर त्या घरात दहा महिने मगातून प्यायलेले नाहीत, तर परवाच कसे पितील? तोही त्या घरात नसलेला मग?"

कॅप्टननं पेन खाली ठेवलं. ते मूर्ख नव्हते, फक्त त्यांना सोपं उत्तर हवं होतं. "बरं. त्यानं नाही, तर कुणी?"

"ज्याला कपाचं माहीत नव्हतं त्यानं. युरीनं टेबल मांडलं असतं तर गुलाबाचा कप ठेवला असता. डोमिनीनंही तेच केलं असतं. मग ठेवायचं सुचलं ते अशा माणसाला, ज्याच्या मनात दुसरं काही येऊच शकत नव्हतं."

"गावातल्या अर्ध्या लोकांच्या मनात येऊ शकत नाही," कॅप्टन कोरडेपणानं म्हणाले.

ते बरोबर होतं, आणि तिथेच माझं घोडं अडलं होतं. बाहेर गर्दीचा आवाज वाढत होता. मी कोठडीकडे गेले. रात्री दोन दारुडे आत आले होते आणि त्यांच्यापुढे ठाण्यातले दोन्ही मग गेले होते. मास्तरांना शिपायानं जॅमच्या रिकाम्या डब्यात कॉफी दिली होती. डबा पोळत होता. मास्तरांनी तो रुमालात धरला होता, एकदा ह्या हातात, एकदा त्या हातात.

मी दारात उभीच राहिले.

"काय झालं सोफी? भूत बघितल्यासारखी काय बघतेस?"

"डब्यातून का पिताय?"

"मग दुसऱ्यांकडे गेलाय म्हणून," मास्तर म्हणाले. "दुसरं काय कारण असणार?"

मी धावतच कॅप्टनच्या खोलीत गेले. "चला माझ्याबरोबर. तो मग घ्या, पुराव्याच्या पिशवीतला."

"अकराला दहा कमी आहेत."

"मी चुकले तर पट्टा काढून तुमच्या टेबलावर ठेवते. आईशप्पथ."

कॅप्टननं माझ्याकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या बादल्यांकडे पाहिलं, आणि टोपी उचलली.

६

तानीच्या मागच्या आवारात कचऱ्याचा डबा होता. मी झाकण काढलं. राखेवर सोनेरी काठाचा पांढरा कप पडला होता, तीन तुकडे झालेला, आणि शेजारी बशी. मी तुकडे रुमालात घेतले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. तानी टेबलाशी बसली होती. सना भांडी घासत होती. कॅप्टन माझ्या मागे उभे राहिले, टोपी हातात घेऊन, कारण ही बाई त्यांना रविवारच्या शाळेत शिकवायला होती.

मी तुकडे टेबलावर ठेवले.

"तानी, हा काल माझ्या हातात होता. मी फाटकापर्यंत पोचायच्या आत तुम्ही तो फोडलात. इतकी किळस होती तर दिलात कशाला?"

तिनं तुकड्यांवरून नजर काढून घेतली.

"मी सांगते. मला चांगला कप मिळाला, कारण देण्यासारखं दुसरं काही घरात नव्हतं. मोलकरणीसारखा मलाही डबा दिला असता, तर मी विचारलं असतं, मग कुठे गेला म्हणून. तेवढी भीती तुम्हाला होती. म्हणून मन मारून तुम्ही मला पाहुणी केलंत." मी सिंकखालचं दार उघडलं. साबण, खराटा, पत्र्याची ताटली. ताटलीशेजारी कागद अंथरलेला होता, आणि त्यावर एक गोल डाग होता. "सना डब्यातून पीत होती. तिचा मग कुठे आहे, तानी?"

कॅप्टननं पिशवीतून निळ्या काठाचा मग काढून टेबलावर ठेवला.

सनाच्या हातातलं घासायचं फडकं थांबलं. तिनं मगाकडे पाहिलं, मग तानीकडे, आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला.

"सना," मी हळूच म्हटलं, "हा मग कुणाचा?"

"तिला विचारू नकोस." तानीचा आवाज अगदी स्थिर होता. "माझ्या घरातली गोष्ट माझ्या मोलकरणीनं सांगायची वेळ अजून आलेली नाही. मी सांगते. तो मग ह्या घरचा आहे."

"तानी हन्नेली," कॅप्टन कळवळून म्हणाले, "काही बोलू नका, वकील..."

"गप्प बस, पीट. दुसरा बोलताना मधे बोलू नये हे मीच तुला शिकवलं होतं." ती माझ्याकडे वळली. "मास्तर गेल्यावर मी फाटकातून गेले. बस्किटं घेऊन. आब्रामला इतका आनंद झाला की लहान पोरासारखी धावपळ करायला लागला. मला कॉफी ओतायला निघाला, मी नको म्हटलं. त्याला मी ओतून दिली, तीन चमचे साखर घालून, लहानपणी द्यायचे तशी. म्हणाला, हन्नेली, तू आलीस, आता सगळं नीट होईल." तिचा हात मेणकापडावरची न दिसणारी सुरकुती सपाट करत राहिला. "डेऑन कशासाठी मेला सोफी? सांग ना. सीमेवर उभा राहिला तो कुणाला आत येऊ द्यायचं नाही म्हणून? आणि आब्राम त्यांनाच दार उघडून देणार, सही करून! मला वाटलं, आब्राम त्यांच्या हातून मेला असं दिसलं तर लोक जागे होतील. आब्रामच्या मरणाचा तरी उपयोग होईल. डेऑनच्या मरणाचा त्यानं होऊ दिला नाही."

"म्हणून समोर मग हवा होता."

"टेबलाशी कोण होतं ते दिसायला हवं होतं ना! सिंकखाली बघितलं, तर काही नाही. मला वाटलं कॅट्रीननं चोरला. रात्री उशिरा आमच्याच सिंकखालचा आणून ठेवला."

"चोरला नव्हता. मास्तरांना ऊम मार्थाच्या गुलाबाच्या कपात कॉफी देत."

 ती पहिल्यांदाच गोंधळलेली दिसली. "तो मास्तर पाहुण्यासारखा कपातून प्यायचा? आमच्या मार्थाच्या?"

"दहा महिने. त्यात तुम्ही एकदा जरी त्या दारातून आत गेला असतात, तर तुम्हाला कळलं असतं. आणि तुम्ही पकडल्या गेला नसतात."

तिनं डोळे मिटले. मला वाटतं, तिला खरी शिक्षा तिथेच झाली. माझ्या मनात तिच्याविषयी राग होता, आणि बैठकीतला त्या पोराचा फोटो आठवून वाईटही वाटत होतं. दोन्ही होतं, आणि दोन्हीपैकी काहीच मला थांबवणार नव्हतं.

"चला तानी," मी म्हटलं.

टाऊन हॉलचं घड्याळ बाराला टेकलं होतं तेव्हा मास्तर पायऱ्या चढले. अंगात तोच चुरगळलेला कोट, पण गळ्यात नवा टाय होता. कॅट्रीननं ऊमच्या कपाटातून काढून आणला होता. युरीनं दारात वाट अडवली. कॅप्टन रोसाऊ त्याच्या आणि मास्तरांच्या मधे जाऊन उभे राहिले. युरीनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि बाजूला झाला. आत ऊम आब्रामांची खुर्ची रिकामी ठेवली होती. मास्तरांनी त्या खुर्चीकडे बघत सही केली. तीन वाजता वस्तीतला पहिला नळ खोकला, त्यातून आधी गंजकं लाल पाणी आलं आणि नंतर स्वच्छ.

संध्याकाळी शिपाई घरी गेला होता, म्हणून कोठडीत कॉफी मीच नेली. तानी बाकावर बसली होती, पाठ भिंतीला न टेकवता. तिनं माझ्या हातातल्या हिरव्या मगाकडे पाहिलं.

"कप नाही?"

"नाही तानी. इथे सगळ्यांना हाच असतो."

"ह्यातून आधी कोण प्यायलंय?"

मी खोटं बोलू शकले असते. "काल मास्तर मोथिबी," मी म्हटलं. मी तो मग तिच्याशेजारी ठेवला आणि दार लावून घेतलं.

सकाळी गेले तेव्हा तो रिकामा होता. मी पोलीस आहे, मी कोपऱ्यातली मोरी तपासली. मोरी कोरडी होती, कॉफीचा एक डागही नव्हता.